गाडीला भरलेली हुडहुडी

आमच्या गाडीला थंडी वाजते, असे मी प्रथम म्हटले तेव्हा घरात सगळे हसले. पण मला दुसरा शब्दच सुचेना. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटपासून मागच्या काचेपर्यंत तिच्या अंगावर शहारे आल्यासारखी थरथर पसरे. आतला आरसा असा हले की मागून येणाऱ्या एका बसच्या त्यात तीन बसगाड्या दिसत. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा कापू लागे आणि डॅशबोर्डातल्या कप्प्याचे झाकण टकटक वाजत राही. गाडी रस्त्याला लागून जरा वेग घेऊ लागली की हे सारे थांबे. चौकात लाल दिवा लागला की पुन्हा हुडहुडी!

ही हकीकत २०२२ सालची. गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, सायीच्या रंगाची, १९८७ साली अण्णांनी घेतलेली. अण्णा म्हणजे माझे वडील. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि त्या काळच्या हेडक्लार्काने मोटार घेणे म्हणजे काय असते, हे आमच्या आळीतल्या लोकांनी आईला वर्षभर ऐकवले होते. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. गाडी दारात आली त्या दिवशी आईने तिला ओवाळले आणि अण्णांनी लगेच बॉनेट उघडून आत डोके घातले, एवढे मला स्पष्ट आठवते. पुढची तीस वर्षे रविवारी सकाळी अण्णा भेटायचे असतील तर बॉनेटखालीच शोधावे लागत.

पद्मिनीची कुळकथा पुष्कळांना ठाऊक असेल. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून इटलीच्या फियाट कंपनीची ११०० डिलाइट ही मोटार तयार होऊ लागली. तीच पुढे १९७४ साली ‘पद्मिनी’ झाली. नाव बदलले तरी लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. खासगी गाड्या मात्र अजून कुठे कुठे तग धरून आहेत. पण ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना विचारा. तिला सांभाळणे हे म्हाताऱ्या आत्याबाईंना सांभाळण्यासारखे असते. माणूस लाखाचे, पण कोणत्या दिवशी काय दुखेल याचा नेम नाही!

त्या वर्षी गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यायची होती. खासगी मोटारीला पंधरा वर्षे झाली की नोंदणी नव्याने करावी लागते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. त्यात १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झाले. शिवाय गाडी तपासणीला न्यायची, तिथे ती धडपणे उभी राहायला हवी. माझा धाकटा भाऊ बंगलोरला असतो. तो फोनवर म्हणाला, “ताई, भंगारात काढण्याची सरकारी योजना आली आहे. देऊन टाक. अण्णा आता थोडेच चालवणार आहेत?”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आदल्या वर्षी अण्णांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवा हात व पाय दुबळे झाले होते. ते हळूहळू सुधारत होते, पण वाचा परतायला तयार नव्हती. म्हणजे आवाज होता, समजत सगळे होते; शब्द मात्र हाताशी येत नसत. पाणी हवे असले की ते ‘पाऊस’ म्हणत, चष्म्याला ‘खिडकी’ म्हणत. आपण चुकलो हे त्यांना तत्क्षणी कळे आणि मग ते चिडून गप्प बसत. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत त्याची गाडी भंगारवाल्याने ओढून न्यायची? मी भावाला म्हटले, “दिवाळीपर्यंत थांब.” आईच्या मनात दिवाळीत त्यांना वाईजवळच्या आमच्या गावी घेऊन जायचे होते. तेही ह्याच गाडीतून. आई असे हट्ट क्वचित करते, म्हणून ते मोडवत नाहीत.

तर ही हुडहुडी. मी गाडी एका चकचकीत गॅरेजमध्ये नेली. तेथील तरुणाने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, की एक सिलिंडर नीट पेटत नाही. प्लग बदलले. थरथर कायम. पॉइंट बदलले. थरथर कायम. कार्ब्युरेटर उतरवून साफ केला, त्याचा नवा किट घातला. बिल झाले साडेचार हजारांचे आणि थरथर होती तेथेच होती. माझे यजमान हिशेबाच्या वहीत हा आकडा टिपताना काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

ह्याच सुमारास मी अण्णांना गाडीतून फिरवून आणू लागले होते. आता ते डावीकडच्या सीटवर बसत. पहिल्याच दिवशी सिग्नलपाशी गाडी थरथरू लागली, तसा त्यांनी डावा हात डॅशबोर्डवर पालथा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, “उशी.” मी घरी आल्यावर एक उशी आणून त्यांच्या पाठीशी ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, “उशी, उशी.” मी म्हटले, “अण्णा, आहे ना पाठीशी. अजून एक देऊ?” त्यांनी पाठीमागची उशी ओढून काढली आणि मागच्या सीटवर भिरकावली. आई म्हणाली, त्यांची पाठ दुखत असेल, डॉक्टरांना विचारू. आम्ही विचारलेही. डॉक्टरांनी पाठीला लावायचे मलम दिले.

शेवटी अण्णांच्या जुन्या डायरीत एका मिस्त्रींचा नंबर सापडला. त्यांनी गॅरेज केव्हाच बंद केले होते, पण गाडीचे नाव काढताच म्हणाले, “सायबांची पांढरी ना? घेऊन या.” (पांढरी नव्हे, सायीच्या रंगाची, पण असो.) सत्तरीचे गृहस्थ, हातात एकही हत्यार नाही. त्यांनी गाडी सुरू करायला लावली, आधी बॉनेटवर आणि मग बाजूच्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले, “प्लग बदलून किती पैसे घालवलेत?”

मग त्यांनी जी परीक्षा केली ती जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाने पाहून ठेवण्यासारखी आहे. बॉनेट उघडे ठेवले. हँडब्रेक ओढला. मला ब्रेकवर पाय घट्ट दाबून ठेवायला सांगितला आणि पहिला गिअर टाकून क्लच अगदी थोडा, गाडी जोर करील पण हलणार नाही इतकाच सोडायला सांगितला. स्वतः ते बाजूला उभे राहिले. अशा वेळी गाडीच्या समोर कोणीही, कितीही उत्सुक असले तरी, उभे राहू नये. मी क्लच सोडला मात्र, इंजिनाची डावी बाजू चांगली तीन बोटे वर उसळली आणि क्लच दाबताच धप्पकन खाली बसली. पुन्हा केले, पुन्हा तेच. “फाउंडेशन गेलंय,” मिस्त्री म्हणाले.

गॅरेजातली मंडळी ज्याला ‘फाउंडेशन’ किंवा ‘माउंटिंग’ म्हणतात ती वस्तू म्हणजे लोखंडाच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये घट्ट चिकटवलेला रबराचा ठोकळा. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसवलेले नसते, ते अशा ठोकळ्यांवर टेकलेले असते. आमच्या गाडीत पुढे इंजिनाच्या दोन बाजूंना दोन आणि मागे गिअरबॉक्सखाली एक. ज्यांच्या घरी मिक्सर आहे त्यांना हे समजायला मुळीच कठीण नाही. मिक्सरच्या तळाला रबराचे चार पाय असतात. त्यातला एक झिजून पडला की दाण्याचे कूट करताना मिक्सर कसा ओट्यावरून चालू लागतो आणि शेजारची भांडी कशी वाजतात! यंत्र तेच, जोर तोच. फक्त मधला मऊपणा गेलेला.

पद्मिनीचे इंजिन १,०८९ सी.सी.चे, चार सिलिंडरांचे. दर फेरीला त्यात दोन स्फोट होतात. गाडी जागेवर उभी असताना मिनिटाला सुमारे ८०० फेरे धरले तर १,६०० स्फोट, म्हणजे सेकंदाला सव्वीस-सत्तावीस धक्के. हे धक्के रबराने गिळायचे असतात. रबर फाटले की लोखंड लोखंडाला टेकते आणि प्रत्येक धक्का थेट पत्र्याला, आरशाला, आपल्या दातांना जाऊन पोहोचतो. वेग वाढला की धक्के इतके जलद येतात की जड सांगाडा त्यांच्या तालावर हलूच शकत नाही. म्हणून थरथर नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि माणूस फसतो. डावी बाजूच आधी का जाते, याचेही कारण मिस्त्रींनी समजावले. इंजिन चाकांना ज्या दिशेने पिळते, त्याच्या उलट दिशेने त्याचे स्वतःचे धूड पिळले जाते. त्यामुळे गाडी पुढे निघताना दर वेळी डावीकडचे रबर ओढले जाते आणि उजवीकडचे दाबले जाते. रबर दाब पुष्कळ सोसते, ताण कमी सोसते. मागे जाताना हाच प्रकार उलटा. पण आपण गाडी मागे नेतो ती किती?

पूर्वी मोटारींची इंजिने सर्रास सांगाड्यावर आवळून टाकलेली असत. १९३१ साली अमेरिकेत क्रायसलर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत चार सिलिंडरांचे इंजिन रबरावर अशा बेताने तरंगते ठेवले की त्याला स्वतःच्या तोलाभोवती डोलता यावे. ही युक्ती फ्रान्सच्या सिट्रोएनने पुढल्याच वर्षी हक्क घेऊन उचलली आणि तिच्या जाहिरातीसाठी पाण्यावर तरंगणारा हंस निवडला. आमच्या गाडीच्या पोटात तोच हंस होता म्हणायचा, फक्त पंख तुटलेला.

एवढ्यावर भागले असते तर मी दिवाळीनंतर बघू म्हटले असते. पण मिस्त्रींनी बॅटरी हातात घेऊन मला आत वाकायला लावले. रेडिएटरच्या मागच्या अंगाला, पंख्यासमोर, चंद्रकोरीसारखा एक ताजा, चकाकणारा ओरखडा होता. “हा पंख्याच्या पात्याचा. पंखा इंजिनावर आहे, रेडिएटर बॉडीवर. जोरात ब्रेक मारला की इंजिन पुढं झुकतं. अजून अर्धा इंच झुकलं असतं की सगळं पाणी रस्त्यावर.” मला खंबाटकीचा घाट आठवला. वाईला जायचे म्हणजे तो चढायचा. मागे दिवाळीच्या गर्दीतले ट्रक, गाडीत शब्द हरवलेले अण्णा आणि त्यांचा हात धरून बसलेली आई! मी पुढला विचार केला नाही.

मिस्त्रींनी बोट घालून डावीकडचे रबर चाचपले आणि बोट मला दाखवले. काळे, बुळबुळीत तेल. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळत होते आणि तेलाचा एकेक थेंब वर्षानुवर्षे नेमका त्या ठोकळ्यावर पडत होता. रबराला तेल म्हणजे विष. ते फुगते, लिबलिबीत होते आणि लोखंडापासून सुटते. गळती न थांबवता नवे रबर बसवणे म्हणजे छप्पर न शाकारता खाली नवी सतरंजी अंथरणे.

रबर आणायला मी स्वतः नाना पेठेत गेले. मराठीची अध्यापिका स्पेअर पार्टच्या दुकानाच्या फळीवर कोपर टेकून उभी, हे दृश्य माझ्या विद्यार्थ्यांनी पाहायला हवे होते. बहुधा एकाने पाहिलेही. मिस्त्रींनी मला पढवून पाठवले होते. नखाने दाबून पाहा, किंचित दबले पाहिजे आणि खूण पुसली गेली पाहिजे. वाकवून पाहा, बारीक चिरा दिसल्या तर घेऊ नका. पेटी कोरी असली म्हणून रबर कोरे नसते. वीस वर्षे खोक्यात पडून तेही म्हातारे होते. लोखंडाच्या कडेला रबर सुटलेले नाही ना, हे उजेडात धरून पाहा. आणि जोडी घ्या. एका बाजूला नवे, एका बाजूला जुने ठेवले की इंजिन तिरपे बसते. पहिल्या दुकानात दगडासारखा कडक माल निघाला, दुसऱ्यात ‘टायरचा तुकडा कापून घाला, लाइफटाइम चालेल’ असा फुकट सल्ला मिळाला. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकाने माळ्यावरून तीन ठोकळे काढून दिले. मी नख टेकवून पाहिले तसे ते हसले. “कोणी शिकवलं?” म्हणाले. टायरचा तुकडा का चालत नाही, हेही त्यांनीच सांगितले. टायरच्या पोटात धागे असतात. ते रबर लवचीक नव्हे, चिवट असते. आणि चिकटवलेले नसल्यामुळे ते नुसते दाब घेते, ओढ घेत नाही.

बसवायचे ठरले आमच्या सोसायटीच्या आवारात, रविवारी. जमीन सपाट होती आणि अण्णांना गॅलरीतून दिसणार होते. मिस्त्रींचे गुडघे गेलेले, त्यामुळे वाकायचे काम माझ्याकडे आणि माझ्या दहावीतल्या मुलीकडे आले. मागच्या चाकांना विटा लावल्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. इंजिन खालून जॅकने उचलायचे, पण जॅकचे टोक ऑइल चेंबरला थेट लागले तर चेंबरचा पत्रा चेपतो. मध्ये रुंद लाकूड हवे. आईने थोड्या कुरबुरीनंतर जेवायच्या जुन्या पाटाची मोडलेली फळी दिली. “माझ्या सासूबाईंचा पाट आहे,” असे तिने मिस्त्रींना दोनदा सांगितले.

नट-बोल्टांना आदल्या रात्री गंजावरचे तेल सोडून ठेवले होते. तरी डावीकडचा खालचा बोल्ट हलेना. मी जोर लावला आणि तो मध्येच कटकन तुटला. मिस्त्री काही बोलले नाहीत. मग तो तुकडा ड्रिलने पोखरून काढण्यात दीड तास गेला आणि सोसायटीतल्या तीन गृहस्थांनी तीन निराळे सल्ले दिले. जॅक अगदी सावकाश, एकेक दाब देऊन चढवायचा. रबरावरचा भार सुटला की तिथेच थांबायचे. फार उचलले तर रेडिएटरच्या नळ्या, सायलेन्सरचा पाइप, वायरी, सगळ्यांना ओढ बसते. मुलगी टॉर्च धरून नळ्यांवर नजर ठेवून होती. जॅकवर इंजिन पेललेले असताना खाली हात घालायचा तो बोल्टापुरता, अंग घालायचे नाही, असा मिस्त्रींचा दंडक होता. जुने रबर निघाले ते दोन तुकड्यांतच निघाले.

नवे ठोकळे बसवताना माझी दुसरी चूक झाली. वरचा बोल्ट लागल्याबरोबर मी तो पान्याने आवळून टाकला आणि मग खालचे भोक जुळेना. “ताई, आधी सगळे हातानं लावा. पाहुणे सगळे बसल्यावर वाढायला घ्यायचं,” मिस्त्री म्हणाले. वरचा सैल केला, पहारीने किंचित रेटले, खालचा बोल्ट बोटांनी फिरत आत गेला. एक बाजू पुरी करून मगच दुसरी उघडली. दोन्हीकडचे एकदम सोडायचे नाहीत. मग जॅक उतरवला, बॅटरी जोडली, इंजिन पाच मिनिटे चालू ठेवले, जरा पुढे-मागे डोलू दिले आणि ते आपल्या जागी बसल्यावर सगळे नट शेवटचे आवळले. टॅपेट कव्हरचे पॅकिंगही त्याच वेळी बदलले. गिअरबॉक्सखालचा तिसरा ठोकळा मिस्त्रींनी पुढच्या रविवारी, गाडी लोखंडी स्टँडवर घेऊन बदलला. तो फाटला नव्हता, पण पुढचे दोन नवे असताना म्हाताऱ्याला एकट्याला राबवू नये, असे त्यांचे मत पडले.

पहिल्या रविवारी, जुने रबर निघाले तेव्हाच ती गोष्ट घडली. मिस्त्रींनी तो तेलाने भिजलेला, दुभंगलेला ठोकळा वर करून गॅलरीकडे धरला आणि ओरडून म्हणाले, “सायेब, बघा!” वरून अण्णांचा आवाज आला. मोठा, स्वच्छ, कित्येक महिन्यांत आला नव्हता तसा. “उशी!”

मी पाना हातात धरून तशीच उभी राहिले. वीस वर्षे मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला शब्दशक्ती शिकवते. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे म्हणजे गंगेच्या पाण्यावर नव्हे, काठावर. वाच्यार्थ अडला की लक्षणेने अर्थ घ्यायचा, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. आणि माझ्या वडिलांनी डॅशबोर्डवर हात ठेवून, डोळे मिटून, नेमका रोग सांगितला होता, तेव्हा मी त्यांच्या पाठीशी सावरीच्या कापसाची उशी ठेवली होती. मिस्त्रींना मी तो शब्द सांगितला. ते म्हणाले, “बरोबरच आहे की. दुसरं काय म्हणणार?”

तपासणीच्या दिवशी अण्णांना बरोबर नेले. अधिकाऱ्यांनी दिवे, ब्रेक, हॉर्न पाहिले, बॉनेट उघडून नंबर ताडून पाहिला आणि इंजिन सुरू असताना एकदा डॅशबोर्डवरच्या आरशाकडे पाहिले. आरशात मागची एक जीप होती, ती एकच दिसत होती. पाच वर्षांची नोंदणी मिळाली. वाईला आम्ही भाऊबीजेनंतर गेलो. घाटात एकदा जोरात ब्रेक मारावा लागला. तेव्हा अण्णांचा हात पुन्हा डॅशबोर्डवर गेला. थोडा वेळ तिथेच राहिला, मग त्यांनी तो काढून घेतला आणि बाहेर बघू लागले.

जुना ठोकळा त्यांनी टाकू दिला नाही. तो आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात, आईच्या शाडूच्या गौरींशेजारी आहे. आई त्याच्याखाली दर आठवड्याला वर्तमानपत्राची नवी घडी घालते. तेल अजून सुटते.